रेवदंड्यात चार वाजेपर्यंत

कोकणात एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं की पुण्यात दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, "वेड लागलंय का? निदान एक रात्र तरी राहा." दुसरी म्हणतात, "एका दिवसात? आम्ही तर दुपारच्या चहाला घरी परत होतो." दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर विश्वास ठेवू नये. आम्ही ठेवला, कारण विद्याला लॅबमधून एकच दिवस रजा मिळाली होती आणि माझ्याही हडपसरच्या ऑफिसात रजा मागितली की साहेबांचा चेहरा असा होतो, की आपणच पुढे होऊन "जाऊ द्या" म्हणावं.

विद्या माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. तिचं लहानपण खडकीत, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील कारखान्यात होते. आई ती तीन वर्षांची असतानाच गेली. तिला वाढवलं ते समोरच्या दारातल्या सुमनकाकूंनी. पोळीला तूप लावण्यापासून ते शाळेच्या स्नेहसंमेलनात वेणी घालण्यापर्यंत सगळं काकूंनी केलं. काकांची नोकरी संपल्यावर दोघं त्यांच्या गावी, रेवदंड्याला गेली. काका तिथेच वारले. मुलगा बंगलोरला, काकू एकट्या राहत होत्या. विद्याचं जाणं मात्र "पुढच्या सुट्टीत नक्की" या सदरात पडून राहिलं. असं सदर आपल्या प्रत्येकाच्या घरात असतं.

गेल्या वर्षी विद्याचे वडील गेले. वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "अंजू, मला रेवदंड्याला जायचंय. आईला ओळखणारं आता काकूंशिवाय कुणी उरलं नाही."

काकूंना फोनवर विचारायची सोय नव्हती. त्यांना आताशा ऐकू येत नाही, आणि मोबाइल लावला तर त्या "मी बरी आहे, तू कशी आहेस" एवढं मोठ्याने म्हणून, उत्तराची वाट न बघता बंद करतात. त्यामुळे समोर बसून, कानाशी तोंड नेऊनच बोलायला हवं होतं. फेब्रुवारीतला एक बुधवार ठरला. बुधवार अशासाठी, की शनिवार-रविवारी अलिबागच्या रस्त्यावर निम्मं पुणं आणि निम्मी मुंबई एकमेकांना हॉर्न वाजवत उभी असते.

तांबडं फुटायच्या आत मी हडपसरहून निघाले आणि खडकी बाजारातून विद्याला घेतलं. तिच्या हातात बाकरवडी, श्रूजबेरी बिस्किटं आणि एक मऊ सुती लुगडं, अशा तीन पिशव्या होत्या. "लुगडं नेसतात अजून?" मी विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "तेव्हा नेसायच्या."

रस्त्याचं सांगते, कारण बरेच जण तेच विचारतात. एक्स्प्रेस-वेने खोपोलीला उतरायचं, तिथून पेण, मग वडखळ, पोयनाड, अलिबाग. टोल जाता-येता दोन्हीकडे लागतो, तो धरूनच चाला. खोपोली ते पेण रस्ता बरा आहे, म्हणजे खड्डे आहेत पण दुरून दिसतात. पेणला शेडमध्ये न रंगवलेले पांढरे गणपती ओळीने वाळत होते. तिथेच एका टपरीवर पोहे खाल्ले. पोह्यांचं गाव म्हणून अपेक्षा होती, पण ते पुण्यातल्यासारखेच निघाले आणि वर शेव मात्र दुप्पट. वडखळच्या नाक्यावर ट्रकांच्या मागे जी रांग लागते, तिथे मन शांत ठेवावं. अलिबागला आत न शिरता नागावकडे वळलं की रस्ता एकदम अरुंद आणि सुंदर होतो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून एखादी विहीर, दगडी गडग्यावर वाळत टाकलेल्या गोधड्या. चौल कधी संपतं आणि रेवदंडा कधी लागतं ते कळतच नाही.

रेवदंड्याची गंमत अशी, की किल्ला गावाबाहेर नाही, गावच किल्ल्यात आहे. डांबरी रस्ता तटबंदीच्या दरवाजातून सरळ आत जातो. पोर्तुगिजांनी बांधलेल्या भिंती, पुढे मराठ्यांकडे आल्या, मग इंग्रजांकडे, आणि आता त्यांच्या आत लोकांच्या वाड्या, बाजारपेठ, शाळा. आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजायला आले होते.

बाजारपेठेच्या मागच्या आळीत काकूंचं घर होतं. आळीचं तोंड दिसल्यावर मी गाडी हळू केली. "वळवू?"

"आत्ता?" विद्या दचकलीच. "आत्ता गेलो तर काकू जेवायला थांबवणार. ऐंशीच्या पुढच्या बाईला आपल्यासाठी गॅससमोर उभी करायची?"

"मग जेवून जाऊ."

"जेवून म्हणजे एक वाजणार. एक ते चार कुणाच्या दारात जायचं नसतं."

मी हसले, पण मलाही ते पटलं. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. आगाऊ न कळवता गेलो तर निदान जेवणाची वेळ टाळायची, झोपेची वेळ टाळायची, चहाला जायचं, आणि चहासुद्धा "अर्धाच" म्हणायचा. सभ्यपणाचा असा सगळा हिशेब करून आम्ही गाडी पुढे घेतली.

मग किल्ला पाहिला, आणि तो मनापासून पाहण्यासारखा आहे. सातखणी मनोरा लांबूनच दिसतो. त्याचे सगळे मजले आता उरलेले नाहीत, पण मान वर करून बघताना टोपी पडेल इतकी उंची अजून आहे. पायथ्याशी तोफा गवतात पडल्यात. चर्चच्या पडक्या भिंतींना कमानी आहेत आणि त्यांतून समोर कोणाची तरी पोफळीची बाग दिसते. तिकीट नाही, पाटी नाही, वाटाड्या नाही. पाणी बरोबर न्या आणि पायांत बूट घाला, कारण तटावर चढायची वाट काट्यांतून आहे. वर गेलं की एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला.

तटावर पुण्याचंच एक जोडपं भेटलं. पुण्याचं हे ओळखायला फार वेळ लागला नाही.

"एवढं तेल जाळून भिंतीच बघायच्या होत्या का?" बाई म्हणाल्या.

"सिंहगडावर जाऊन तरी काय बघतेस? पिठलंच ना?" गृहस्थ म्हणाले आणि पुढे चालू लागले.

एरवी अशा संवादावर विद्याने दिवसभर मला टोमणे मारले असते. त्या दिवशी तिचं लक्षच नव्हतं. ती तटावरून गावाच्या कौलांकडे बघत होती, त्यातलं कोणतं घर असेल ते ठरवत. मी फोटो काढत राहिले. चांगले आलेत, खाली टाकलेत.

जेवणाचं इथे आधी सांगून ठेवावं लागतं हे आम्हाला माहीत नव्हतं. घरगुती खानावळीच्या मालकीणबाईंनी "सकाळी फोन केला असतात तर सुरमई ठेवली असती" असं ऐकवून बांगड्याचं ताट वाढलं. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, एक तळलेला तुकडा, भात आणि सोलकढी. तीनशेच्या आत एकीचं पोट तुडुंब भरतं. मी सोलकढी तीनदा मागून घेतली. विद्याने भाकरीचा तुकडा मोडून ठेवला आणि विचारलं, "जाऊन पहिलं काय विचारू?"

त्यावर आम्ही पुढचे अडीच तास समुद्राकाठी बोलत बसलो. किनारा काळसर वाळूचा आहे, पोहायला फारसा बरा नाही, पण सुरूच्या झाडांखाली सावली छान. विद्याकडे आईचा एकच फोटो आहे, लग्नातला, आणि त्यात आईने मान खाली घातलेली आहे. वडील कधी बोलले नाहीत. विचारलं की उठून पंप मारून ठेवलेल्या स्टोव्हला पुन्हा पंप मारायचे. आईचं नाव शैला, ती नगरकडची, बाळंतपणात दुसऱ्या मुलासकट गेली, एवढंच विद्याला माहीत.

"मला काही मोठं विचारायचं नाही गं," ती म्हणाली. "ती चालायची कशी? भांडायची का? तिला काय खायला आवडायचं? काकू आणि ती एका जिन्यात राहत होत्या, दिवसभर एकमेकींच्या घरात. काकूंना सगळं माहीत असणार."

तीन वाजायच्या सुमाराला मी म्हटलं, "चल ना. म्हातारी माणसं लवकर उठतात."

"चार," विद्या म्हणाली. मग तिने सांगितलं की हा नियम काकूंचाच. काकांची बरेचदा रात्रपाळी असायची. ते दुपारी झोपायचे. त्या वेळात आख्ख्या जिन्यात कुणी दार वाजवायचं नाही, चेंडूचा टप्पा पाडायचा नाही, हसू आलं तर तोंडावर हात ठेवायचा, जिन्यातून चपला हातात घेऊन उतरायचं. एकदा विद्याने दोन वाजता दार ठोठावलं तेव्हा काकूंनी तिला कधी नव्हे ती चापट मारली होती. "त्यानंतर मी कुणाचंच दार दुपारी वाजवलेलं नाही," ती म्हणाली. आम्ही वाळूत बसून चार वाजायची वाट पाहिली. मी मधे एक डुलकीही काढली, हे लिहिताना आता बरं वाटत नाही.

चारला आम्ही आळीत शिरलो. काकूंचं घर बैठं, पुढे पडवी, पडवीत झोपाळ्याच्या रिकाम्या कड्या. दाराला कुलूप होतं. अंगणात माती ओली होती आणि शेणाने सारवलेल्या जागेवर पत्रावळींच्या कडांचे गोल ठसे दिसत होते. समोरच्या घराच्या ओट्यावर पन्नाशीच्या एक बाई चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"कोन पायजे?"

"सुमनकाकू. खडकीहून आलोय. म्हणजे पुण्याहून."

"काकी गेली की," बाई म्हणाल्या, आणि आमचे चेहरे बघून घाईने पुढे म्हणाल्या, "तशी न्हाय वो! पोराकडं गेली, बंगलोरला. तो आलता न्यायला. आता तिकडंच ऱ्हानार. तीन वाजता गाडी निंगाली हितून. जरा आधी आलात तर गावली असती."

विद्याने दाराच्या कुलपाकडे पाहिलं. मीच म्हटलं, "आम्ही सकाळपासून इथेच आहोत."

"हितं? गावात?" त्यांच्या हातातला चिंचेचा आकडा तसाच राहिला. "मग आलात का न्हाय?"

"म्हटलं, जेवणाच्या वेळेला कशाला. त्यांना त्रास नको."

"तरास?" त्या बाई आमच्याकडे बघतच राहिल्या. "आज अख्खी आली, सगली घरं, जेवली तिच्याकडं. जाताना सगल्यांना जेवाया घालून जानार म्हनून काकीनं हट्ट धरलावता. आम्हीच सगल्यांनी मिलून रांधलं. तुमची दोन पानं काय जड व्हती?"

"मग दुपारी झोपल्या असतील असं वाटलं," विद्या म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"काकी? ती कवा दुपारची झोपली? उलट कुनी येतंय का बघत हितं पडवीत बसायची. दुपारचीच तर बोलायची आमच्याशी."

मी मुलाचा नंबर मागितला. लावला. तो गाडी चालवत होता, पोयनाडच्या पुढे गेले होते, रात्रीचं मुंबईहून विमान. माणूस चांगला होता, त्याने विद्याला लगेच ओळखलं आणि फोन आईच्या कानाला लावला. "मी बरी आहे, तू कशी आहेस," काकू मोठ्याने म्हणाल्या आणि फोन पुन्हा त्याच्याकडे आला. "ताई, आईला काही कळत नाहीये, तुम्ही बंगलोरला या ना," तो म्हणाला. विद्या "हो, नक्की" म्हणाली. आम्ही पाठलाग करून वडखळला त्यांना गाठू शकतो का, याचा मी मनात हिशेब केला. तो जमत नव्हता.

त्या बाईंनी आम्हाला ओट्यावर बसवलं आणि आतून दुपारची उरलेली खीर आणली. पोट भरलेलं असूनही विद्याने वाटी संपवली. बाई आपल्याच नादात बोलत होत्या.

"खडकीचं लई सांगायची काकी. कारखाना, क्वाटर, भोंगा. आनि ती एक तिची मैतरीन व्हती, शैला का कोन. ती हसाया लागली की खालच्या मजल्यावरचा रातपालीवाला काठी घेऊन वरती यायचा म्हने. तो आला की ती अजून हसायची. काकी हे सांगताना निस्ती लोटपोट."

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. विद्या एकटक त्यांच्याकडे बघत होती.

"अजून काय सांगायच्या?" तिने विचारलं.

"शैलाचं? खूप सांगायची. काय काय ते..." बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "आता आठवत न्हाय. रोजचंच बोलनं. आपन हातात काम घेऊन ऐकतो, ध्यान कोन देतं?"

"ती माझी आई," विद्या म्हणाली.

बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्या पुढे सरकल्या, विद्याचा हात धरला, आणि म्हणाल्या, "लई चांगली व्हती गो बाय तुझी आई. देवमानूस व्हती. सगल्यांना जीव लावायची. काकी नेहमी म्हनायची." हे त्या विद्याचं मन राखायला बोलत होत्या, हे आम्हा तिघींनाही कळत होतं. खरं जे होतं ते त्या आधीच बोलून गेल्या होत्या. बाकरवडी आणि बिस्किटं विद्याने त्यांना दिली. लुगड्याची पिशवी तिने परत गाडीत ठेवली.

परतीच्या वाटेवर पोयनाडला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतात, त्या जरूर घ्या, चवीला गोडसर असतात. आम्ही नाही घेतल्या. वडखळला पुन्हा रांग लागली. घाटात गाडी वर चढत असताना विद्याने विचारलं, "अंजू, मी कशी हसते गं?"

मी पटकन म्हणाले, "छान हसतेस."

म्हणाले आणि लगेच कळलं, की मी त्या ओट्यावरच्या बाईंसारखंच बोलले. तीस वर्षं ही माझ्या शेजारी बसून हसतेय. सिनेमात, कँटीनमध्ये, माझ्या लग्नात, आणि मला तिचं हसणं कानाशी आणता येईना. ते मोठं आहे की बारीक, लगेच थांबतं की रेंगाळतं, मला सांगताच येईना. विद्याने पुन्हा विचारलं नाही. खडकीला तिला सोडलं तेव्हा "उद्या लॅब आहे" म्हणून ती उतरून गेली.

या सहलीबद्दल काय सांगू? रेवदंडा एका दिवसात होतं, खरंच होतं. किल्ला सकाळी पाहा, जेवण आदल्या दिवशी सांगून ठेवा, भरती असेल तर तटाच्या समुद्राकडच्या बाजूला जाऊ नका. आणि तिथे तुमचं कुणी असेल तर गाडी सरळ त्यांच्या दारात उभी करा, मग बारा वाजलेले असोत की अडीच. फार तर काय होईल, एक चापट बसेल. काकूंनी ती मारली असती तर विद्याने आनंदाने खाल्ली असती.

काकूंच्या मुलाने परवा व्हिडिओ कॉल लावला होता. काकू स्क्रीनकडे बघून हसल्या, "जेवलीस का?" म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. विद्या दिवाळीत बंगलोरला जाणार आहे. मुलगा म्हणतो, लवकर आलात तर बरं, आई नावं गाळायला लागलीय. आणखी रजा मिळते का, ते विद्या बघतेय.

काल मी तिला मुद्दाम फोन केला. काही काम नव्हतं. तटावरच्या त्या पिठलंवाल्या जोडप्याची नक्कल केली, दोघांचे आवाज काढून, अगदी रंगवून. विद्या हसली. मी हातातलं सगळं बाजूला ठेवून ऐकत होते. हसू मोठ्याने सुरू झालं, आणि पुढच्याच क्षणी दबलं. तोंडावर हात ठेवते ती. फोनवरसुद्धा कळतं.